मनाच्या समाधानासाठी स्कॅन?

प्रश्न (नाव-गाव वगळून, थोडक्यात) : आमचा मुलगा साडेसहा वर्षांचा आहे. दिवाळीच्या सुट्टीत नणंदेकडे गेलो होतो, तिथे अंगणाच्या कठड्यावरून पडला. कठडा मोठ्या माणसाच्या कमरेएवढा. पडल्याबरोबर रडला, शुद्ध हरपली नाही, पण थोड्या वेळाने एकदा उलटी झाली आणि डावं कोपर सुजलं. तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी नीट तपासलं. कोपराच्या एक्स-रेत बारीक फ्रॅक्चर निघालं, हाड सरकलेलं नव्हतं, प्लास्टर घातलं. डोक्याबद्दल म्हणाले, "सिटी स्कॅनची आत्ता गरज नाही, चार-सहा तास इथेच नजरेखाली ठेवू." रात्री दीर आले. "डोक्याला मार लागलाय आणि स्कॅन नाही म्हणजे काय?" असं म्हणत गाडी काढून शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेले. स्कॅन नॉर्मल आला. गडबडीत कोपराची फिल्म मागेच राहिली, म्हणून तो एक्स-रे पुन्हा झाला, आणि "आलाच आहात तर" म्हणून छातीचाही. आता तीन आठवडे झालेत. प्लास्टर काढताना परत एक्स-रे सांगितलाय. मधल्या काळात मी मोबाइलवर लहान मुलं, सिटी स्कॅन आणि कॅन्सर असं काय काय वाचलं आणि माझी झोप उडाली. मला आता एकही एक्स-रे नको आहे. इकडे मुलगा अभ्यासाला बसला की अधूनमधून डोकं दुखतं म्हणतो, म्हणून सासूबाई आणि दीर म्हणतात, "पुन्हा एकदा डोक्याचं स्कॅन करून टाका, मनाला समाधान." यजमान काहीच बोलत नाहीत. मी माझ्या हाताने मुलाचं नुकसान केलं का? आणि आता कोणाचं ऐकू?

उत्तर :

ताई, आधी सरळ उत्तरं देते, स्पष्टीकरण मागाहून. तुम्ही मुलाचं नुकसान केलेलं नाही. कोपराचा एक्स-रे डॉक्टरांना हवा असेल तर काढू द्या. डोक्याचं स्कॅन केवळ समाधानासाठी करू नका. पण डोकं दुखतंय म्हणतो ना, मग त्यासाठी मुलाला या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा. दाखवणं आणि स्कॅन करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे घरात सगळ्यांना सांगा.

तुमच्या घरात दोन पक्ष पडलेत असं तुम्हाला वाटतंय. मला मात्र दोन्ही पक्ष एकाच जागी चुकताना दिसतात. दिरांच्या लेखी फोटो काढला म्हणजे काळजी घेतली. तुमच्या लेखी फोटो काढला म्हणजे इजा केली. या फोटोमुळे मुलाच्या उपचारात काय बदलणार आहे, हे मात्र कोणीच विचारलेलं नाही. लहान मुलाला मार लागल्यावर आईबापांनी डॉक्टरांना विचारायचा हा खरा प्रश्न. "होय, हाड सरकलं असेल तर ऑपरेशन करावं लागेल" असं उत्तर आलं तर फोटो काढायचा. "तसं काही नाही, पण असलेला बरा" असं आलं तर थोडं थांबायचं.

आता तुम्ही मोबाइलवर जे वाचलंत त्याबद्दल. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. क्ष-किरणांमुळे पेशीतल्या डीएनएला इजा होऊ शकते. लहान मुलांच्या पेशी भराभर वाढत असतात आणि त्यांच्यापुढे अख्खं आयुष्य असतं, त्यामुळे त्या इजेतून पुढे कधी काही उद्भवायला वेळही भरपूर मिळतो. म्हणून मोठ्यांपेक्षा मुलांच्या बाबतीत जास्त जपायचं. ब्रिटनमध्ये १९८५ ते २००२ या काळात सिटी स्कॅन झालेल्या पावणेदोन लाखांहून जास्त मुला-तरुणांचा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१२ साली आला. तुम्ही वाचलेल्या बातम्यांचं मूळ बहुधा तोच. त्यात ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) आणि मेंदूच्या गाठीचा धोका वाढतो असं दिसलं, आणि "धोका तिप्पट" हे शब्द जगभर फिरले. तिप्पट कशाच्या, हे फिरलं नाही. मुळात हे आजार मुलांमध्ये फार विरळ. त्याच संशोधकांचा हिशोब असा होता की दहा वर्षांखालच्या दहा हजार मुलांचं डोक्याचं स्कॅन केलं, तर पुढच्या दहा वर्षांत ल्युकेमियाचा एखादा आणि मेंदूच्या गाठीचा एखादा जादा रुग्ण निघेल. पुढे युरोपातल्या नऊ देशांतल्या साडेनऊ लाखांच्या आसपास लोकांचा असाच अभ्यास २०२३ मध्ये आला. रक्ताच्या कॅन्सरबाबत त्याचं उत्तरही त्याच घरातलं : स्कॅन झालेल्या दहा हजार मुलांमागे पुढच्या बारा वर्षांत एक ते दोन.

दहा हजारांत एक-दोन. एका मुलाच्या आईने यासाठी रात्री जागवायचं कारण नाही. पण देशात लाखो मुलांचे स्कॅन होतात तेव्हा विनाकारण झालेल्या प्रत्येक स्कॅनचा हिशोब कुठेतरी लागतो, म्हणून डॉक्टरांनी हात आखडता घ्यायचं कारण नक्की आहे. तुमची भीती आणि डॉक्टरांची सावधगिरी दोन्ही त्याच आकड्यातून येतात.

आणखी एक समज मला फार भेटतो, तुमच्या पत्रातही ओळींमध्ये दिसला, की हे किरण अंगात साठून राहतात. साठत नाहीत. खोलीतला दिवा बंद केला की उजेड भिंतीत मुरून राहत नाही, तसंच. मशीनचं बटण सुटलं की किरण संपले. त्यामुळे "किरण उतरवायला" कुठलाही काढा, ज्यूस, पथ्य लागत नाही. तसलं काही विकणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

मात्र सगळे फोटो सारखे नसतात, आणि तुमची खरी गल्लत इथे झाली आहे. जमिनीतून, हवेतून, आकाशातून आपल्या सगळ्यांवर नैसर्गिक किरणोत्सर्ग पडतच असतो. जगाची सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचं हे माप). डोक्याच्या सिटी स्कॅनला साधारण २ मिलिसिव्हर्ट धरतात, म्हणजे जवळपास वर्षभराचा वाटा. पोटाच्या स्कॅनला त्याहून बराच जास्त. आणि कोपराच्या एक्स-रेला? साधारण ०.००१. निसर्गाकडून तेवढा तर आपण काही तासांत घेतो. तुम्ही ज्या एक्स-रेला नाही म्हणायला निघालात तो हा. आणि सासूबाई ज्याला "करून टाका" म्हणताहेत ते स्कॅन त्याच्या हजारो पट.

आता त्या रात्रीबद्दल. पहिल्या डॉक्टरांना घरात हलगर्जी ठरवलं गेलंय, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते. डोक्याला मार लागलेल्या कोणत्या मुलाला स्कॅन लागतं आणि कोणाला नाही, हे ठरवायला अमेरिकेतल्या बालरोग आपत्कालीन विभागांच्या एका गटाने, ज्याला 'पेकार्न' म्हणतात, २५ ठिकाणच्या ४२,४१२ मुलांची नोंद ठेवली. २००९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ही सगळी शुद्धीवर असलेली किंवा किंचित गुंगीतली मुलं. त्यांतल्या एक टक्क्याहून कमी मुलांना मेंदूची महत्त्वाची इजा निघाली आणि मेंदूची शस्त्रक्रिया लागली ती फक्त ६० जणांना. स्कॅन मात्र पस्तीस टक्के मुलांचं झालं होतं.

त्यातून जे नियम निघाले ते आज जगभर वापरतात. दोन वर्षांपुढच्या मुलाचं भान बिघडलेलं असेल, म्हणजे गुंगी, चिडचिड, तेच तेच विचारणं, किंवा कवटीच्या तळाला फ्रॅक्चर झाल्याच्या खुणा असतील (डोळ्यांभोवती किंवा कानामागे काळंनिळं, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव), तर थांबायचं नाही, लगेच स्कॅन. शुद्ध हरपणं, उलटी, जोरदार डोकेदुखी, दीड मीटरपेक्षा जास्त उंचीवरून पडणं किंवा वाहनाची धडक अशांपैकी काही असेल तर स्कॅन किंवा देखरेख, यातलं डॉक्टरांनी तपासून ठरवायचं. यातलं एकच लक्षण असेल आणि मूल सुधारत असेल, तर बहुतेक वेळा देखरेख पुरते. यातलं काहीच नसेल तर स्कॅन नकोच, कारण तेव्हा गंभीर इजेची शक्यता दोन हजारांत एकाहूनही कमी. दोन वर्षांखालच्या बाळांचे नियम वेगळे आणि जास्त कडक आहेत. डोक्याच्या बाजूला किंवा मागे मऊ टेंगूळ, तीन फुटांवरून पडणं, "आज हा नेहमीसारखा नाही" असं आईला वाटणं, हे सगळं त्यात मोजतात. आईचं वाटणं मोजतात, हे मुद्दाम लिहिलं.

तुमच्या मुलाकडे काय होतं? एक उलटी. कठडा कमरेएवढा, म्हणजे दीड मीटरच्या आत. लगेच रडला, ओळखत होता, बोलत होता. "नजरेखाली ठेवू" हे उत्तर पुस्तकातलं होतं. पण आपल्याकडे नजरेखाली ठेवणं हा उपचार वाटतच नाही, काहीच केलं नाही असं वाटतं. प्रत्यक्षात नर्स दर अर्ध्या-एक तासाने येऊन बुबुळांवर टॉर्च मारते, नाव विचारते, हात घट्ट दाबायला सांगते, पुन्हा उलटी झाली का ते लिहून ठेवते. स्कॅन त्या एका क्षणाचा असतो. देखरेख सहा तासांची असते. (आणि हो, डोक्याला मार लागलेल्या मुलाला झोपूच द्यायचं नाही हेही खरं नाही. डॉक्टरांनी तपासल्यावर झोपेची वेळ झाली तर झोपू द्यावं, सांगितलं असेल तर मधून हलवून जागं करून बघावं.)

दिरांवर रागावू नका. रात्री गाडी काढणारा माणूस प्रेमापोटीच काढतो. स्कॅन झालं, नॉर्मल आलं, विषय संपला. लोक म्हणतात डॉक्टर कमिशनसाठी स्कॅन सांगतात. तसं कुठे होतच नाही असं मी म्हणणार नाही. पण लहान मुलांच्या बाबतीत मला कमिशनपेक्षा भीती जास्त दिसते. बाहेर आठ-दहा नातेवाईक उभे, आवाज चढलेले, आणि आत एकटा तरुण डॉक्टर. अशा वेळी "नको" म्हणायला धाडस लागतं आणि "करून घ्या" म्हणायला फक्त सही. निम्मी अनावश्यक स्कॅन आपणच मागून घेतो असं माझं मत आहे.

मला खरी हळहळ वाटली ती दुसऱ्या एक्स-रेची आणि छातीच्या फोटोची. किरण थोडेच होते, पण दोन्ही फुकट गेले. छातीला मार नाही, खोकला नाही, श्वास नीट, मग फोटो कशाला? "आलाच आहात तर" हे कारण किराणा दुकानात चालतं. आणि मागे राहिलेली फिल्म ही तर रोजची गोष्ट. तालुक्याला एकदा, जिल्ह्याला एकदा, पुण्या-मुंबईला एकदा, एकाच हाडाचा तोच फोटो तीनदा. म्हणून मुलाला पुढे हलवायचं ठरलं की औषधाच्या पिशवीआधी फिल्म आणि सीडी हातात घ्या. खिडकीच्या काचेवर फिल्म धरून मोबाइलने काढलेला फोटो पुढच्या डॉक्टरला पुरत नाही, बारीक चीर त्यात दिसतच नाही. स्कॅन असेल तर सीडी किंवा पेनड्राइव्हवर मूळ फाइल मागा. ती मिळाली नाही तर निदान लेखी रिपोर्ट. घरी लसीकरणाच्या कार्डाशेजारी एक पान ठेवा : तारीख, कोणत्या भागाचा, कुठे काढला. अमेरिकेतल्या बालरेडिओलॉजीच्या मंडळींनी 'इमेज जेंटली' ही मोहीम २००८ मध्ये सुरू केली, तीही पालकांना अशी नोंद ठेवायलाच सांगते.

स्कॅन खरंच लागणार असेल तेव्हा काय बघायचं, हेही लिहिते, कारण हे वाचणाऱ्या कोणावर तरी ती वेळ येईल. तेव्हा घाबरून नकार देऊ नका. कवटीच्या आत रक्त साठत असेल तर तासांचा हिशोब असतो आणि ते वेळेत दाखवणारं त्याच्याइतकं चटकन दुसरं साधन नाही. फक्त तंत्रज्ञाला शांतपणे विचारा, "लहान मुलांच्या सेटिंगवर घेताय ना?" मोठ्या माणसाच्या सेटिंगवर मुलाचं स्कॅन केलं तर गरजेपेक्षा जास्त किरण जातात. आकारानुसार ते कमी करता येतात आणि चित्र तेवढंच चांगलं येतं. ज्या भागाला मार आहे तेवढाच भाग घ्यावा. डोक्याच्या ताज्या माराला साधारणपणे एकच फेरी पुरते, आधी साधं आणि मग रंगद्रव्य टोचून परत असं लागत नाही. मूल हललं तर स्कॅन पुन्हा करावं लागतं. म्हणून आई किंवा बाबांनी आधी "गोल बोगद्यात फक्त डोकं ठेवायचं, दहा आकडे मोजेपर्यंत पुतळा व्हायचं" असा खेळ करून घेतला तर फार उपयोग होतो. आधुनिक मशीनवर खरं काम काही सेकंदांचंच असतं.

पोटाला मार असेल, म्हणजे सायकलचं हॅन्डल पोटात घुसलं किंवा मोटारसायकलच्या टाकीवर पुढे बसवलेलं पोर आपटलं (कृपा करून बसवू नका), तर तपासणी, रक्त-लघवीच्या चाचण्या आणि सोनोग्राफीपासून सुरुवात करता येते. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात. मूल पांढरं पडत असेल, नाडी वेगाने चालत असेल, तर मात्र डॉक्टर सांगतील ते, आणि ताबडतोब.

एक्स-रेच्या खोलीत मुलाला धरायला एखाद्या मोठ्या नातेवाइकाने थांबावं, कर्मचाऱ्याने नाही, आणि धरणाऱ्याला शिशाचा अॅप्रन मिळाला पाहिजे. आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या सूचना तशाच आहेत. घरात कोणी गरोदर असेल तर तिने धरायला जायचं नाही. मुलाच्या कमरेवर शिशाचा तुकडा ठेवला नाही म्हणून मात्र भांडू नका. ती पद्धत जुनी. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेनेच ती थांबवायला सांगितलं. तो तुकडा बघायचा भागच झाकतो, आणि आपोआप चालणारं मशीन अडथळा बघून किरण वाढवतं. कुठलंही एक्स-रे किंवा सिटी मशीन चालवायला या नियामक मंडळाची परवानगी लागते. ती आहे का, असं सेंटरमध्ये विचारण्यात काही उर्मटपणा नाही.

आता तुमचं कोपर. कोपराच्या वरचं हे फ्रॅक्चर मुलांमध्ये फार दिसतं. मुलाचं कोपर वाचणं अवघडही असतं, कारण तिथली हाडं वयाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर तयार होतात आणि वाढीच्या रेषा फ्रॅक्चरसारख्या दिसतात. हाड वाकडं जुळलं तर हात कायमचा आत वळलेला राहू शकतो. म्हणून पहिल्या आठवड्यात "हाड सरकलं तर नाही ना" हे बघणं महत्त्वाचं, आणि प्लास्टर काढताना नवं हाड धरलंय का ते बघणं बऱ्याच अस्थितज्ज्ञांना हवं असतं. काही जण हाताने दाबून, दुखत नाही बघून, फोटोशिवायही सोडतात. तुम्ही विचारा, "यावरून काय ठरवणार आहात?" उत्तर पटेलच, बहुधा. न पटलं तरी किरणांच्या भीतीने नाही म्हणू नका. दुसऱ्या, चांगल्या हाताचाही फोटो तुलनेसाठी सांगितला, तर मात्र तो खरंच लागणार का, हे विचारण्यासारखं आहे. नेहमी लागत नाही.

राहिली डोकेदुखी. डोक्याला मार लागल्यावर, स्कॅन नॉर्मल असूनही, काही आठवडे मधूनमधून डोकं दुखणं, लवकर थकणं, अभ्यासात लक्ष न लागणं हे होतं. मेंदूला बसलेला हा हादरा स्कॅनमध्ये दिसत नाही, त्यामुळे दुसऱ्या स्कॅनमध्येही तो दिसणार नाही. बहुतेक मुलं महिन्याभरात सावरतात. डॉक्टर चालणं, तोल, नजर, डोळ्याचा पडदा तपासतील. चष्म्याचा नंबरही निघू शकतो. अभ्यासाला बसल्यावरच दुखतं म्हणता, म्हणून मला ती शंका आहे. पुढे चित्र हवंच असं ठरलं आणि घाई नसली, तर एमआरआयचा विचार होतो. त्यात क्ष-किरण नाहीत, पण मुलाला बराच वेळ स्तब्ध पडावं लागतं, लहानांना गुंगीही द्यावी लागते, म्हणजे तीही फुकटची गोष्ट नाही.

दुखणं दिवसेंदिवस वाढत चाललं, पहाटे दुखून जाग येऊ लागली, उलट्या सुरू झाल्या, झटका आला, एक हात-पाय ढिला वाटला, दोन दिसू लागले किंवा मूल नेहमीपेक्षा सुस्त झालं, तर मात्र या सदराच्या उत्तराची वाट बघत बसू नका. त्या दिवशी थेट हॉस्पिटल, आणि डॉक्टर म्हणाले स्कॅन तर स्कॅन.

दिरांना आणि सासूबाईंना सोबत घेऊन जा, असं मी सुचवेन. यजमानांनाही. घरी तुम्ही समजावलंत तर तो वाद होतो, डॉक्टरांनी त्यांच्यासमोर मुलाला एका पायावर उभं करून दाखवलं की समजूत पटते. जाताना शहरातल्या हॉस्पिटलातून स्कॅनची सीडी आणि रिपोर्ट मागवून घ्या, आणि नणंदेला सांगून तिथे राहिलेली कोपराची पहिली फिल्मसुद्धा. अस्थितज्ज्ञांना आजच्या फोटोशी तीच जुळवून बघायची असते. शाळेत वर्गशिक्षकांना चिठ्ठी द्या : डोकं दुखलं तर थोडा वेळ टेबलावर डोकं टेकवू द्यावं, आणि डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत पी.टी.च्या तासाला मैदानात बसवून ठेवावं, पळवू नये.